जंगीतून आभाळ दिसतं तेव्हा: डागडुजी झालेल्या एका गडाचं आणि दिवाळीच्या किल्ल्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावात दिवाळीचा किल्ला हा पोरांचा खेळ आहे असं ज्याला वाटतं, त्यानं नरकचतुर्दशीच्या रात्री शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी. दसरा सरला की विटा, फुटके कौल, पोती, तांबडी माती गोळा व्हायला लागते. पोरं रात्री उशिरापर्यंत चिखलात बसलेली असतात आणि आया जेवायला हाका मारून दमतात. स्पर्धांचे परीक्षक येतात. नकाशा कुठाय, टाकी किती, चोरदरवाजा कुठल्या अंगाला, असे प्रश्न विचारतात. सहावी-सातवीतली पोरं छाती काढून घडाघडा उत्तरं देतात.

आमच्या गल्लीतल्या मंडळाची अकरा मुलं दरवर्षी असा किल्ला करतात. राजगड झाला, प्रतापगड झाला, सिंधुदुर्ग तर दोनदा. त्या वर्षी सगळ्यांत मोठी मुलगी, तेव्हा नववीत होती, म्हणाली, "दर वेळी लांबचे गड कशाला? आपल्या भागातला करूया की." तिच्याकडं कायम एक चौकटीची वही असायची, म्हणून तिला सगळे वहीवाली म्हणत. इथंही तेच नाव ठेवतो.

गड ठरला तो बेळगावच्या पश्चिम अंगाचा, शहरातून दुचाकीवर सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्या अंतरावरचा. नाव देत नाही. नाव घातलं की गडाची चर्चा बाजूला राहून गावाची सुरू होते, हा अनुभव याच प्रकरणात येऊन गेला आहे. ज्या खात्याच्या पैशातून काम झालं ते, ठेकेदार आणि गावातली माणसं, सगळेच बिननावाचे ठेवले आहेत.

साधारण दहा वर्षांमागं गडाची डागडुजी झाली होती. त्याआधीचा गड मी पाहिलेला आहे. दरवाजा निम्मा मातीत गेलेला, तट कुठं छातीइतका तर कुठं गुडघ्याइतका, मधल्या सपाटीवर करवंदीची जाळी, देवाच्या यात्रेचा दिवस सोडला तर वर गुराखी आणि त्यांची जनावरं. कामानंतर तट सगळीकडून पुरुषभर उंच झाला, त्यावर चर्यांची, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दगडी पाकळ्यांची, रांग आली, बुरुजांना गोल आकार आला, पायवाटेवर सिमेंटचे ठोकळे बसले. रविवारी गर्दी होते. पायथ्याला भाजलेली कणसं, चहा, आप्पे विकून पाच-सहा घरं चालतात. ही गोष्ट पुढचं वाचताना विसरून चालणार नाही. पडक्या गडानं गावातल्या कुणालाही चार पैसे मिळवून दिले नव्हते.

मी स्वतः उद्यमबागेत फौंड्रीत काम करतो. इतिहासाचा माणूस नव्हे. मंडळात माझं काम म्हणजे माती आणायला टेम्पो ठरवणं आणि पोरांबरोबर कुणीतरी मोठं माणूस असणं.

नेमकी अडचण

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही मापं घ्यायला वर गेलो. मुलं अकरा, मोठी माणसं तीन, मीटरचा टेप एक.

पहिला खटका चर्यांवर उडाला. वहीवालीनं एक चर्या मोजली: रुंदी दोन फूट. दुसरी, दोन फूट. नववी, दोन फूट. तिनं टेप गुंडाळला आणि म्हणाली, "काका, पुढच्या मोजायला नकोत. सगळ्या एका साच्यातल्या आहेत." साच्याची गोष्ट निघाल्यावर मी जवळ गेलो. खरंच, कोपऱ्यांची गोलाई, माथ्याचा उतार, सगळं एकसारखं. फौंड्रीत एका पॅटर्नवरून शंभर नग काढले की असेच दिसतात. हातानं दगड घडवणाऱ्याच्या दोन चर्यांत बोट-अर्धा बोट फरक पडणारच.

दुसरा खटका जंग्यांवर. जंगी म्हणजे तटातलं बंदूक रोखायचं भोक. आत उभं राहून खालून चढून येणाऱ्यावर मारा करायचा, म्हणून तिचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता असतो आणि रोख वाटेवर, दरवाज्यावर किंवा तटाच्या पायावर असतो. आमच्यातल्या सगळ्यांत लहान पोरानं एका जंगीला डोळा लावला आणि ओरडला, "काका, ह्यातनं नुसतं आभाळ दिसतंय की ओ!" मग सगळे एकेका भोकाला चिकटले. वरच्या तटातल्या जंग्या सरळ, आडव्या, घराच्या झरोक्यासारख्या. कुठूनही वाट दिसेना. खालच्या अंगाला, दरवाज्याच्या डावीकडं मात्र एक बुटकी, वाकडी जंगी सापडली. तिथं बसून डोळा लावला तर पायवाटेचं शेवटचं वळण अगदी मधोमध. आमच्याच गटातला एक काका मागं राहिला होता, तो त्या वळणावर धापा टाकत चढताना दिसला. पोरांनी आतूनच "ठो! ठो!" केलं.

वहीवाली हसली नाही. तिनं वहीत लिहिलं: ही एक खरी. बाकीच्या?

घरून आणलेला फलकाचा कच्चा मजकूर माझ्या खिशात होता. कुठल्याशा स्मरणिकेतून उतरवलेला. त्यात वाक्य होतं: "या गडाची शिवकालीन भक्कम तटबंदी आजही दिमाखात उभी आहे." परतताना कणीस खाता-खाता मुलांनी ते वाचलं, आणि तो लहानगा म्हणाला, "मग हे खोटं की."

अडचण तिथं सुरू झाली. पोरांचा किल्ला हा गडाची नक्कल. पण कुणाची नक्कल करायची? समोर उभ्या असलेल्या तटाची केली तर दहा वर्षांपूर्वीच्या ठेकेदाराची नक्कल होते, आणि फलक मात्र साडेतीनशे वर्षांचं श्रेय सांगतो. बरं, जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे गडावर कुठंही लिहिलेलं नाही. आमच्या फौंड्रीत साधा पंपाचा कास्टिंगचा नग असला तरी त्यावर हीट नंबर पडतो. वीस वर्षांनी तो तडकून परत आला तर कुठल्या दिवशीच्या ओतकामातला, हे त्या आकड्यावरून शोधता येतं. इथं अख्ख्या गडाला हीट नंबर नव्हता.

सीमाभागातल्या माणसाला यात आणखी एक पदर लगेच कळेल. आमच्याकडं गड म्हणजे निव्वळ दगड नसतात. मराठी माणसाला तो आपल्या असण्याचा पुरावा वाटतो. त्याच्या एका बुरुजावर शंका घेतली की "तू कुणाच्या बाजूचा?" हा प्रश्न यायला वेळ लागत नाही. आणि "शिवकालीन" हा एकच शब्द सगळ्यावर चिकटवला की त्याखाली बाकीचे थर गडप होतात. बेळगावचा आमचा भुईकोटच बघा. १२०४ मधली, रट्टांच्या काळातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आत उभी आहे, बहमनी वजीर महमूद गवाननं तो किल्ला जिंकून घेतला, पुढं आदिलशाही सरदार असदखानाच्या काळातली साफा मशीद तिथंच आहे, मराठ्यांकडून १८१८ मध्ये इंग्रजांनी तो वेढा घालून घेतला. एका खंदकाच्या आत एवढी माणसं राहून गेली. आमचा डोंगरी गडही एकाच्याच हातचा असेल, हे मानायला काही आधार नव्हता.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी रात्री मंडळाच्या कट्ट्यावर बैठक झाली. बैठक कसली, भांडणच.

गड आज दिसतो तसा करायचा, असं बहुतेक पालकांचं म्हणणं. सोपं होतं, फोटो होते, मापं होती, चर्यांसाठी तर एक साचा केला की काम झालं (हे म्हणणारा मीच होतो, आणि म्हणता-म्हणता मलाच हसू आलं). फलकावरचं "शिवकालीन" काढून टाकलं की खोटेपणाही उरत नाही. पण वहीवालीचा मुद्दा असा, की शब्द काढला तरी बघणारा तेच समजणार. मातीच्या किल्ल्यावर मावळे उभे असतात, टकमक असते, भगवा असतो. तिथं दहा वर्षांपूर्वीचा तट कुणी समजत नाही.

मूळ गड कसा असेल ते कल्पनेनं उभं करायचं, असं मोठ्या मुलांपैकी दोघांचं मत. खरं तर सगळे किल्ले असेच होतात. पण ज्या चुकीबद्दल आम्ही ठेकेदाराला नावं ठेवत होतो तीच मातीत करायची, असा त्याचा अर्थ होता. पुण्यात असलेल्या ओळखीच्या एका वास्तुविशारद बाईंना फोन केला. त्यांनी १९६४ च्या व्हेनिस सनदेबद्दल सांगितलं. जुन्या वास्तू जतन करणारे जगभरचे लोक ती मानतात, आणि तिच्यात म्हटलंय की जिथं अंदाज सुरू होतो तिथं पुनर्बांधणी थांबली पाहिजे. नवं घालणं टळतच नसेल तर ते नवं म्हणून ओळखू आलं पाहिजे. त्यांनी कोणार्कचं उदाहरण दिलं: निखळलेल्या कोरीव दगडांच्या जागी तिथं ठिकठिकाणी साधे, बिनकोरीव दगड बसवलेत. डोळ्यांना खुपतात, पण फसवत नाहीत. लगेच त्यांनी उलट बाजूही सांगितली. फ्रान्समध्ये कार्कासोन नावाचं तटबंदीचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युक नावाच्या वास्तुविशारदानं ते जवळजवळ नव्यानं उभं केलं, बुरुजांवर त्या भागात न शोभणारी टोकदार पाटीच्या दगडाची छपरं चढवली, लोकांनी टीका केली. आज तीच डागडुजी दीडशे वर्षांची होऊन स्वतः इतिहास झालीय, आणि १९९७ मध्ये शहर जागतिक वारसा यादीत गेलं. "म्हणजे तुमच्या ठेकेदाराला थोडा धीर धरायला सांगा," असं म्हणून त्या हसल्या.

तिसरा पर्याय पडका गड करायचा. डागडुजीच्या आधीचा. मला मनातून हाच आवडला होता. पडझडसुद्धा पुरावाच असते. इथून जवळ गडहिंग्लज भागात सामानगड आहे. १८४४ मध्ये तिथल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, गड पडला, आणि मग तटबंदीची मोडतोड झाली. तिथला पडका तट उद्या कुणी गुळगुळीत बांधून काढला तर त्या बंडाची शेवटची खूण पुसली जाईल. पण पोरं ऐकेनात. "पडका किल्ला बघायला कोण येणार? बक्षीस तर जाऊच दे." आणि पडका गड कसा होता हे माझ्या आठवणीशिवाय कुठं होतं? आठवणीवर बांधणं म्हणजे पुन्हा अंदाजच.

चौथा पर्याय पळवाटेचा. गड बदला, पन्हाळा घ्या, मोकळे व्हा. दोन पालकांनी तो अगदी मनापासून सुचवला, कारण त्यांची सोयरीक आमच्या गडाच्या पायथ्याच्या गावात होती.

शेवटी ठरलं ते वहीवालीच्या वहीतून आलं. आजचाच गड करायचा, पण तीन प्रकारांनी. नक्की जुनं ते तांबड्या मातीत, नक्की नवं ते पांढऱ्या शाडूत, आणि जे माहीत नाही तिथं माती लावायचीच नाही, खालचं पोतं उघडं ठेवायचं. पोतं उघडं ठेवायचं हे ऐकून अर्धी पोरं रुसली.

काय केलं

पांढरं कुठं आणि तांबडं कुठं, हे आधी आम्ही नजरेनं ठरवून टाकलं होतं. दरवाज्याच्या उजवीकडची देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांची बसायची ओवरी, कडा धारदार आणि दगड कोरा, म्हणून नवी. उत्तरेचा बुरूज काळाकुट्ट, शेवाळलेला, फटींतून नेचे उगवलेले, म्हणून जुना. वहीत तशा खुणाही झाल्या. दुसऱ्यांदा गावात गेलो ते खरं तर या यादीवर शिक्का मारून घ्यायला.

गावात एक आज्जा भेटले. वय ऐंशीच्या पुढं, लहानपणापासून गडावर जनावरं चारलेली. पारावर बसून आमचं ऐकलं आणि पहिल्यांदा चिडले. "तुम्ही शहरातली माणसं वर येणार, भोकात डोळा घालणार आणि आमचा गड खोटा म्हणणार? आमच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. जुनं पाडलं, नवं बांधलं. मग देव खोटा झाला काय?"

याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही पुरतं नाही. काशी विश्वेश्वराचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं, त्याला कुणी नक्कल म्हणत नाही. देवळाचं खरेपण पूजेत असतं, ती चालू आहे तोवर दगड बदलले तरी चालतं, असं म्हणता येईल. पण गडावर आता चौकी-पहारा नाही. तिथं जे काही सांगायचं ते दगडच सांगणार. मी एवढंच म्हणालो, "आज्जा, खोटा नाही म्हणत. कुठला भाग कुणी बांधला ते तुम्हीच सांगा, पोरं लिहून घेतील." पोरं वह्या काढून बसली तसा त्यांचा राग उतरला. सुनेला हाक मारून त्यांनी लोखंडी पेटीतला लग्नाचा अल्बम मागवला.

१९८७ चा फोटो. नवरा-नवरी गडावरच्या देवाला आलेली, मागं दरवाजा. आणि दरवाज्याच्या उजवीकडं आमची "नवी" देवडी. कमानीचा वरचा अर्धा भाग फोटोत स्वच्छ दिसत होता, खालचा अर्धा मातीत. आज्जा म्हणाले, वरून ढासळलेल्या मातीनं ती बुजली होती, डागडुजीच्या वेळी नुसती उपसून काढली. पिढ्यान्‌पिढ्या मातीत झाकलेली, ना ऊन ना पाऊस, म्हणून कडा जशाच्या तशा राहिल्या. जुनी होती म्हणूनच कोरी दिसत होती.

वहीवालीचा चेहरा पडला. एका पानावर तिनं काट मारली.

मग आज्जांनी शेजारच्या वाडीतल्या एका गवंड्याला बोलावणं धाडलं. त्यानं त्या कामावर दोन हंगाम मजुरी केली होती. तो आमच्याबरोबर वर आला, आणि त्या तासाभरात जे कळलं ते महिनाभर बघूनही कळलं नसतं. उत्तरेच्या बुरुजाशी जाऊन त्यानं खिशातल्या खिळ्यानं शेवाळ खरवडलं. खाली दगडाच्या कडेला अर्ध्या नळीसारखी लांबट खाच. "हे ड्रिलचं भोक. मशीननं भोकं पाडून दगड फोडला की भोकाचा अर्धा भाग इकडं राहतो, अर्धा तिकडं. जुन्या लोकांकडं मशीन कुठलं? ते टाकी-छिन्नीनं चौकोनी खाचा पाडून पाचरी ठोकायचे." खालच्या तटातल्या दगडावर त्यानं त्या पाचरींच्या खाचा दाखवल्या, काड्यापेटी बसेल एवढ्या. म्हणजे आमचा शेवाळलेला "जुना" बुरूज पायापासून नवा होता. "उत्तरेचं अंग, ऊन लागत नाही. आमच्याकडच्या पावसात दोन वर्षांत काळा पडला," एवढं सांगून त्यानं खिळा पुसून खिशात टाकला.

त्याच बुरुजाला एका ठिकाणी फुगवटा आला होता. गवंड्यानं त्यावर पंजा ठेवला. "पोट आलंय भिंतीला." जुना तट कोरडा रचलेला किंवा चुन्यात, आतलं पाणी फटींतून निथळतं. नव्या तटाच्या दगडांमधल्या फटी सिमेंटनं गच्च भरल्या, पाणी आतच तुंबतं आणि भिंत बाहेर ढकलली जाते. चुना का वापरला नाही, असं एका पोरानं विचारलं. चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायचा, भिजत ठेवायचा, विटांची सुर्खी, गूळ, हिरड्याचं पाणी घालायचं, आणि एवढं करायला दिवस कुणाकडं होते, असं तो म्हणाला. मार्चअखेर बिल निघायचं होतं.

उतरताना त्यानं एक गोष्ट सांगितली, तीही अगदी सहज. बुरुजाच्या वरच्या थरातल्या एका दगडावर त्यानं टाकीनं सन कोरला होता. ठेकेदारानं पाहिलं आणि दगड उलटा बसवायला लावला. "म्हणला, सन दिसला तर गड नवा वाटंल."

तो दगड अजून तिथंच आहे, तोंड आत करून.

शेवटचा उपाय कागदाचा. माहिती अधिकारात दहा रुपये भरून कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची नक्कल मागितली. उत्तर द्यायला कायद्यानं तीस दिवस असतात, आणि दिवाळीला तेवढे दिवस उरलेच नव्हते. हे गणित अर्ज टाकतानाही मला येत होतं. तरी टाकला.

परिणाम

किल्ला वेळेत झाला. खालचा तट, डावीकडचा दरवाज्याचा भाग आणि देवडी तांबडी, चर्या, वरच्या जंग्या आणि उत्तरेचा बुरूज पांढरा, आणि पश्चिमेचा बराचसा तट नुसतं पोतं. हळीव पेरलं होतं ते पोत्यावरही उगवलं, त्यामुळं "माहीत नाही" असलेला भाग सगळ्यांत हिरवागार दिसायला लागला.

बघायला आलेल्यांत दोन तट पडले. काहींना वाटलं पोरांना माती पुरली नाही, एका आजींनी तर पाटीभर माती पाठवूनही दिली. काही जण फलकासमोर बराच वेळ उभे राहिले आणि आपापल्या गावच्या गडाच्या गोष्टी सांगायला लागले. एक गृहस्थ मात्र चिडूनच म्हणाले, "आपलीच पोरं आपल्याच गडाला नवा म्हणायला लागली, तर दुसऱ्यांनी काय म्हणावं?" वहीवालीनं त्यांना ती वाकडी जंगी दाखवली. मातीत तिनं ती पेन्सिलीनं आरपार पाडली होती आणि पलीकडं वाटेच्या वळणावर एक मावळा ठेवला होता. गृहस्थ वाकले, एक डोळा मिटून बघितलं, काही न बोलता गेले.

स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. एका परीक्षकानं अपुऱ्या कामाचे गुण कापले, दुसऱ्यानं मुलांना पाऊण तास प्रश्न विचारले. पोरांना पहिला नंबर हवा होता, आणि रुसवा तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला. तो खोटा नव्हता.

पाडव्याला गावातून आज्जा आणि गवंडी टेम्पोनं आले. गवंड्यानं किल्ल्याला एक प्रदक्षिणा घातली आणि तांबड्या तटाच्या एका टप्प्यावर बोट ठेवलं. "इथं दगड जुना, पण बांधणी आमची. पडलेलेच दगड उचलून परत लावले." आमच्या तीन प्रकारांत हा बसतच नव्हता. जुना म्हणावा का नवा? मुलांनी तिथल्या तिथं तांबडी माती आणि शाडू एकत्र मळली आणि तो टप्पा गुलाबी केला. मग त्यानं पांढऱ्या बुरुजाच्या माथ्यावर खिळ्यानं चार आकडे कोरले. बाहेरच्या अंगाला.

माहिती अधिकाराचं उत्तर दिवाळीनंतर आठवड्याभरानं आलं. मोजमाप पुस्तक कन्नडमध्ये. आमच्या शेजारच्या अक्कांनी वाचून दाखवलं. त्यात नवीन बांधकाम आणि दुरुस्ती वेगवेगळी मोजलेली होती, कुठल्या टोकापासून कुठल्या टोकापर्यंत, लांबी-रुंदी-उंचीसकट. बिल काढायचं म्हणजे ते लिहावंच लागतं. आम्ही खिळ्यानं खरवडून जे शोधत होतो ते दहा वर्षं एका फायलीत नीट लिहून पडलं होतं. पश्चिमेच्या पोत्यापैकी निम्मा भाग त्या कागदावरून सुटला असता.

गडावर काही बदललं का? फलक लावला नाही. खात्याला एक पत्र लिहिलं, पोच मिळाली. १९८७ च्या फोटोची मोठी प्रत मात्र गावानं आपणहून गडावरच्या देवळाच्या सभामंडपात लावली, देवडीवर बाण काढून. आज्जांनी ती लावून घेतली.

पुन्हा करायचं झालं तर

अर्ज श्रावणात टाकायचा. एवढी एक गोष्ट केली असती तर निम्मी धावपळ वाचली असती. काम सरकारी पैशातून झालं असेल तर कागद असतोच, तो मागायची आधी आठवण होत नाही एवढंच.

गावात आधी जायचं, गडावर नंतर. आम्ही उलट केलं. निकाल वहीत लिहून मग साक्षीदार शोधायला गेलो, आणि आज्जांना त्याचाच राग आला असावा. गवंड्याला पहिल्या दिवशी बरोबर घेतलं असतं तर देवडीला नवी म्हणायची वेळ आली नसती. शेवाळ आणि धारदार कडा यांवर वय ठरवायचं नाही, हे आता आमच्यातला लहानगाही सांगतो.

पोत्याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. माहीत नसलेलं उघडं ठेवणं बरोबरच होतं, पण न सांगता ठेवलं तर ते आळसासारखं दिसतं. पोत्यावर एक चिठ्ठी टोचायला हवी होती. त्या आजींची माती परत करताना फार अवघड गेलं.

सगळ्यांत अडलेला निर्णय मात्र गवंड्याच्या दगडाचा आहे. तो कुठल्या थरात आहे हे त्याला आठवतं. पोटफुगीमुळं तो बुरूज आज ना उद्या पुन्हा उतरवावा लागेल. वहीवाली आता कॉलेजात आहे. ती म्हणते, खात्याला दुसरं पत्र लिहून आत्ताच कळवून ठेवावं, म्हणजे उतरवताना त्या दगडाकडं लक्ष जाईल. गवंडी नको म्हणतो. पत्र लिहिलं तर दगड गायब होईल, असं त्याला वाटतं. पत्राचा मसुदा तिच्या वहीत तयार आहे.